वारा सुटला तेव्हा गाडीकडे कशाला निघालात?

पत्र: दोन वर्षांपासून मी कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवरून, मासेमारी करतो. मागच्या रविवारी मेव्हण्याला पहिल्यांदाच सोबत नेलं. तलाव मोठा, समोरचा काठ तीनेक किलोमीटरवर. सकाळी पाणी अगदी आरशासारखं होतं. काठापासून किलोमीटरभर आत नांगर टाकून बसलो. अकराच्या सुमारास मासा लागायला लागला आणि तेवढ्यात लांबवर आभाळ काळं झालं. 'अजून दहा मिनिटं' म्हणून थांबलो. मग एक गार झुळूक आली आणि दोन मिनिटांत असा वारा सुटला की विचारू नका. माझी कयाक नांगराच्या बाजूला कलली, मेव्हण्याची उलटलीच. लाइफ जॅकेट दोघांकडे होती, पण सीटमागे बांधलेली. कसंबसं त्याला वर घेतलं आणि वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत गाडीपाशी पोहोचायला सव्वा तास लागला. दोन रॉड, टॅकल बॉक्स, मेव्हण्याचा फोन, सगळं तळाशी गेलं. बायको म्हणते, कयाक विकून टाका. आमचं चुकलं तरी कुठे? वारा काही सांगून येत नाही ना?

उत्तर: सांगून येतो हो. तुम्हाला तर त्याने दोनदा निरोप धाडला होता, तुम्हीच लिहिलंय. पहिला काळ्या आभाळाचा, दुसरा गार झुळकेचा. तिसराही आला असणार, पण तेव्हा दोघांचे डोळे गळाला लागलेले. लांबून पाण्यावर एक काळपट पट्टा तुमच्याकडे सरकत आला असेल. स्थिर पाणी उजळ दिसतं, वाऱ्याने चुरगळलं की काळवंडतं. त्या पट्ट्याची कड म्हणजे वाऱ्याची कड. ती कुठवर आली हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, आणि तेवढ्या वेळात निदान जॅकेट तरी अंगात चढवता येतं.

उलटतपासणीआधी एक सांगते. मेव्हणा पाण्यात असताना तुम्ही त्याच्याजवळ गेलात, त्याला वर घेतलंत. घाबरलेला माणूस कित्येकदा आधी किनारा गाठतो आणि मग मदत शोधायला धावतो. तुम्ही तसं केलं नाहीत. बाकीची कानउघाडणी या शाबासकीनंतरची आहे.

ती झुळूक कुठून येते ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुन्हा 'दहा मिनिटं' तोंडातून निघणार नाहीत. गडगडाटी ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याच्यासोबत गार, जड झालेली हवाही खाली कोसळते. खाली आपटली की चहूकडे पसरते, बादलीभर पाणी फरशीवर ओतल्यावर पसरतं तशी. या हवेची कड पावसाच्या कितीतरी पुढे धावते. ढग वीस किलोमीटरवर असतानाही ती तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे डोक्यावर ऊन असतं, पावसाचा थेंब नसतो, आणि उकाड्यात एकदम गार वाटतं. माणूस 'आहाहा' म्हणतो. त्या क्षणी गळ गुंडाळायचा असतो. मासा लागलेला असला तर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तोडायची. हो, मोठा असला तरी.

विजेचा हिशोब यापेक्षा सोपा. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलाय. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच टोक तुमचं, त्यात हातात वीज वाहून नेणारा ग्रॅफाइटचा रॉड. काठावर आल्यावरही शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास होईपर्यंत पाण्यात परत उतरायचं नाही.

ढग नसले तरी गाफील राहू नका. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, आणि दुपारकडे पाण्यावरचा वारा वाढत जातो. हे इतकं नेमाचं आहे की माझा स्वतःचा शिरस्ता ठरलाय: उजाडताना पाण्यात, आणि दहानंतर फक्त काठाच्या आसपास. त्याहून फसवा म्हणजे किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा. तुम्ही उतरता ती जागा झाडांच्या नाहीतर टेकडीच्या आडोशाला असते, पाणी गुळगुळीत दिसतं, जाताना वारा पाठीशी असल्यामुळे वल्हंही हलकं लागतं. जसजसं आत जावं तसतशी लाट मोठी होते, आणि वळल्यावर कळतं की आपण इथवर आलो नव्हतो, आपल्याला आणलं होतं. म्हणून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवून बघा. ती जड गेली तर दुपारी काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

अंदाजावरून आठवलं. हवामानाच्या ॲपमध्ये बहुतेक जण वाऱ्याचा एकच आकडा बघतात, आणि तो असतो सरासरीचा. कयाक उलटवतात ते झोत, त्यांचा आकडा वेगळा दिलेला असतो. दिशाही नीट वाचा: 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. चांगले जाणते लोक इथे उलटं वाचून चुकीच्या काठावर उतरलेले मी पाहिलेत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला की कयाकवरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ३० झाला की नऊपट. पाण्यावर आकडा कोण सांगणार? लाटांचे शेंडे सांगतात. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मोजपट्टी बनवली, ती आजही वापरात आहे. तिच्या तिसऱ्या पायरीला, ताशी १२ ते १९ किलोमीटरला, अधूनमधून पांढरा फेस दिसू लागतो. चौथ्या पायरीला, २० ते २८ ला, जिकडेतिकडे. पहिला पांढरा शेंडा दिसला की निघायचं, हा माझा नियम. तो भित्रा आहे असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. झोतांचा अंदाज २५ च्या वर असेल तर मी घरीच बसते आणि रिळांना तेल देते.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते, कारण खरा घात तिथे झाला. तुमची कयाक 'नांगराच्या बाजूला' कलली. म्हणजे नांगराचा दोर तुम्ही हाताशी, बाजूच्या खिळीला बांधला होता. बरोबर? बहुतेक नवशिके तिथेच बांधतात, कारण बसल्याजागी हात तिथेच पोहोचतो. शांत पाण्यात काही बिघडत नाही. वारा वाढला की कयाक त्याला आडवी होते, ताणलेला दोर तिची तीच कड खाली ओढतो, आणि लाटाही त्याच बाजूने येतात. एकीकडून दोर खाली खेचतोय, त्याच कडेवरून पाणी आत येतंय. तुम्ही दुसऱ्या बाजूला झुकून किती तग धरणार?

नांगर नेहमी टोकाला. पुढच्या किंवा मागच्या, आणि वारा असेल तेव्हा पुढच्याच. बसल्याजागेवरून टोकापर्यंत हात पुरत नाही, म्हणून कयाकच्या कडेने टोकापासून टोकापर्यंत फिरणारी दोरी बसवतात, तिला अँकर ट्रॉली म्हणतात. दोन छोट्या कप्प्या, एक कडी, एका दुपारचं काम. दोर त्या कडीतून ओवायचा आणि कडी टोकाकडे ओढून न्यायची. दोराच्या तुमच्याकडच्या टोकाला एक तरंगता गोळा आणि एका झटक्यात सुटणारी क्लिप. वारा सुटला की नांगर वर खेचत बसायचं नाही, क्लिप सोडायची. गोळा तरंगत राहील, नांगर उद्या आणता येईल. क्लिप अडकलीच तर सुरी, तीही जॅकेटवर, एका हाताने निघेल अशी. डब्यातली सुरी म्हणजे नसलेलीच. आणि दोर कापण्याआधी वल्हं मांडीवर आहे ना ते बघा. दोर सुटला की कयाक उसळून गर्रकन फिरते, त्या क्षणी वल्हं पाण्यात टेकवता आलं नाही तर नांगर सोडूनही उलटायची पाळी येते.

जॅकेटबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तुम्हाला कळून चुकलंय. फक्त एक करून बघा: उथळ, शांत पाण्यात, कुणी बाजूला उभं असताना, पोहत पोहत जॅकेट घालायचा प्रयत्न करा. ती फुग्यासारखी वर येते, हात घालायची जागा सापडत नाही, पट्टा पाठीमागे जातो, आणि दोन्ही हात त्यात गुंतल्यामुळे तोंड पाण्याखाली जातं. लाटा नसताना ही गत. जॅकेट काठावर घालायची आणि काठावरच काढायची.

पाणी गार असेल तर हे सगळं आणखी झपाट्याने होतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यासाठी तीन आकडे लक्षात ठेवायला सांगितलेत: १, १०, १. पहिल्या मिनिटात धाप आवरायची, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे दहा मिनिटांत वर चढायचं असेल तर चढा. तासाचा तिसरा आकडाही जॅकेट घातलेल्यांसाठीच, बिनजॅकेटचा माणूस त्याआधीच बुडतो. कपडे हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे.

आणि आता माझा खरा प्रश्न. गाडीकडे कशाला निघालात?

तुमची गाडी वारा जिकडून येत होता त्या काठावर होती. समोरचा काठ वाऱ्याच्या ओघात होता. सव्वा तास तुम्ही वाऱ्याशी झुंजलात, एक दमलेला, भिजलेला, पहिल्यांदाच आलेला माणूस सोबत घेऊन, कारण गाडी तिथे होती. मी नावं ठेवत नाहीये. मीही हेच केलंय. एकदा काठावरच्या एका वाकड्या झाडाशेजारून चाळीस मिनिटं वल्हवलं, आणि चाळीस मिनिटांनी शेजारी तेच झाड. हात भरून आले होते, पण 'आता थोडंच राहिलं' हे डोक्यातून जात नव्हतं.

त्या दिवसापासून एक युक्ती वापरते. समोरच्या नव्हे, बाजूच्या काठावरच्या एकामागे एक अशा दोन खुणा धरायच्या, म्हणजे जवळचा खडक आणि मागचा खांब. त्या एकमेकींच्या मानाने सरकत असतील तर आपण पुढे जातोय. जागच्या जागी दिसत असतील तर आपण फक्त दमतोय. पाच मिनिटांत निकाल लागतो, आणि निकाल विरुद्ध गेला तर बेत बदलायचा.

'वारा वाहील तशी पाठ द्यावी' ही म्हण आपण संधिसाधूंना टोमणा म्हणून वापरतो. कयाकवर ती शब्दशः खरी आहे. गाठायची ती जमीन, कुठलीही. पुढे रिक्षा करा, कुणाला फोन करा, चार किलोमीटर ओल्या चपलांनी चाला. फक्त समोरचा काठ आधी पारखा: कातळ आहेत का, धरणाची भिंत किंवा सांडवा आहे का, लाट फुटतेय का. शंका असेल तर सरळ तिकडे न जाता तिरकं जाऊन एखाद्या खाचेत, टेकाडाच्या आडोशाला, बेटाच्या मागे शिरा. उतरायच्या जागा सकाळी, पाणी आरशासारखं असतानाच हेरून ठेवायच्या. वारा सुटल्यावर सगळे काठ सारखेच दिसतात.

समुद्रावर, वारा खुल्या पाण्याकडे ओढत असेल, तर मात्र हे चालणार नाही. तिथे पाठ दिली की क्षितिजाकडे गेलात. अशा वेळी काठाच्या दिशेने वल्हवत राहायचं आणि मदत लवकर मागायची, हातात थोडी ताकद असतानाच. थकून उलटल्यावर मागितलेली मदत पोहोचायला उशीर होतो. छत्रीसारखा पाण्यात उघडणारा तरंगनांगर असेल तर तो पुढच्या टोकाला बांधा. कयाक वाऱ्याकडे तोंड करून राहील, वाहून जाण्याचा वेग कमी होईल. बोटींवर वापरतात तो व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरच्या चॅनेलवर तीनदा 'मेडे' हा संकटाचा पुकारा, मग जागा आणि माणसं किती. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. तो जगभर मान्य असलेला संकटाचा इशारा आहे. एकच हात हलवलात तर लांबचा बोटवाला तुम्हालाही हात हलवून निघून जातो.

वल्हवण्याचं थोडक्यात. आधी स्वतःला लहान करा: सीट उंच केलेली असेल तर खाली घ्या, उभे रॉड आडवे करून बांधा, झेंडा काढा. वर जे जे उभं आहे ते वाऱ्याचं शीड आहे. वाऱ्याच्या तोंडावर जाताना वजन थोडं पुढे घ्या, वल्ह्याचे हात आखूड, भराभर, पातं पाण्याच्या जवळ ठेवून. विश्रांतीला थांबू नका, मिनिटभरात पाच मिनिटांची कमाई जाते. थांबायचंच तर आडोशाला. झोताने पातं पकडलं तर वल्ह्याशी कुस्ती खेळू नका, वाऱ्याकडचा हात सैल सोडा. वारा पाठीशी असताना वजन मागे, आणि लाट मागून उचलायला लागली की वल्हं मागे पाण्यात धरून सुकाणूसारखं वापरा, नाहीतर कयाक गर्रकन आडवी होते. आडव्या लाटेत कंबर सैल ठेवा. पातं पाण्यात असेपर्यंत तो तुमचा तिसरा पाय आहे, हवेत धरलंत तर नुसतं ओझं.

तुम्ही दोघं होतात, त्याचा फायदाही घेता आला असता. झुळूक आली तेव्हाच नांगर सोडून दोन कयाकी शेजारी शेजारी आणायच्या आणि एकमेकांच्या कडा घट्ट धरायच्या. अशी जोडी सहजी उलटत नाही. त्या दोन मिनिटांत जॅकेट चढवता आली असती, पाणी पिता आलं असतं, आणि कुठल्या काठाला जायचं ते ठरवता आलं असतं. दोघांनी ओरडत, वेगवेगळ्या दिशांनी ठरवलेलं काही ठरत नाही.

मेव्हण्याला वर घेताना काय घडलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'कसंबसं' या शब्दावरून अंदाज येतो. उघड्या डेकच्या कयाकवर चढायची एक रीत आहे. उलटी झालेली कयाक सरळ करायला तिच्यावरून हात टाकून पलीकडचा पट्टा पकडायचा आणि आपल्याकडे ओढत मागे झुकायचं. मग कयाकच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहायचं, म्हणजे लाट तिला तुमच्या अंगावर ढकलणार नाही. पाय खाली लोंबकळत ठेवले तर ते कयाकखाली जातात आणि माणूस चढूच शकत नाही. म्हणून आधी पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागाशी आणायचे, पोहताना मारतो तसे मारायचे, आणि सील खडकावर सरकतो तसं पोटावर सरकत आडवं चढायचं. आधी पोट, मग वळून बूड, मग पाय. लगेच उठून बसायला गेलात की पुन्हा पाण्यात. आणि चढण्याआधी गळ कुठे लटकतायत ते बघा. ओल्या मांडीत रुतलेला तीन टोकांचा गळ घेऊन वल्हवणं काय असतं ते मी सांगत नाही.

कयाक कितीही लांब जातेय असं वाटलं तरी तिला सोडून पोहायला लागू नका. पोहणारं डोकं लाटांत दिसत नाही, कयाक दिसते. उलट ती हातातून सुटली तर वारा तिला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो, म्हणून पडताना एक हात तिच्यावर राहील याची सवय लावून घ्या. वल्ह्याला दोरी हवीच. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पिशवी जॅकेटला, कयाकला नव्हे. आणि निघण्यापूर्वी डेकवरची झाकणं दाबून बघा. कयाकच्या आतल्या पोकळीत शिरलेलं पाणी इकडून तिकडे धावतं आणि प्रत्येक लाटेबरोबर कयाकला आणखी कलवतं. विनाकारण डुगडुगायला लागली तर आधी तोच संशय घ्यायचा.

राहिला वहिनींचा मुद्दा. कयाक विकू नका, पण त्यांच्याशी वादही घालू नका. त्या दिवशी तुम्ही कुठे आहात, परत किती वाजता येणार, हे त्यांना माहीत होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. पुढच्या वेळी निघताना एक कागद त्यांच्या हातात द्या: कुठून उतरणार, कुठल्या भागात असणार, कयाकींचा रंग, माणसं किती, पाण्याबाहेर यायची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती थांबून कुणाला फोन करायचा. मी पाऊण तास लिहिते. काठावर आलात की मासे मोजण्याआधी त्यांना फोन. आणि ती वेळ कागदावर एकदा लिहिली की पाण्यातून फोन करून वाढवायची नाही. मासा लागायला लागला, हे कारण तर मुळीच सांगायचं नाही.

मेव्हण्याला आधी छातीएवढ्या पाण्यात पाच वेळा पाडा आणि पाच वेळा चढू द्या. त्याची तयारी नसेल तर त्याला काठावरून गळ टाकू दे. तुम्हीही चढून बघा, बरं का. दोन वर्षांत एकदाही केलं नसणार.